अलमेलुचं नाव

तमिळ मुलखात पापनाशमला श्रीनिवासरावांची भाताची गिरणी होती, शिवाय ते व्यापारी संघाचे अध्यक्ष. गावात चहाच्या प्रत्येक दुकानात दलितांचे ग्लास वेगळे, बाहेर खिळ्याला टांगलेले. ते बघून रावांचं डोकं फिरायचं. म्हणून त्र्याण्णव साली त्यांनी आपल्या गिरणीतलेही असले ग्लास काढून सगळ्यांना एकसारख्या पितळी टंबलरात कॉफी सुरू केली. हमाल, ड्रायव्हर, अलमेलुसारख्या भात वाळवणाऱ्या दलित बाया, स्वतः मालक, कुणालाच वेगळं नाही!

काही दिवस सुरळीत गेले. पण पोंगलच्या सणाआधी मिरासदार, म्हणजे ज्यांच्या शेतांवर गिरणी चालायची ते जमीनदार, बैठकीला आले. रावांनी त्यांनाही त्याच टंबलरांत कॉफी पाजली आणि पिऊन झाल्यावर हसत सांगितलं, "सकाळी ह्यातच आमची अलमेलु प्याली हो!"

कुणी हसलं नाही. एक जण तर नळावर जाऊन चुळा भरत बसला.

घरी त्यांच्या बायको ताराबाई भडकल्याच. "अहो, सांगायचं तर आधी सांगायचंत! पिऊन झाल्यावर कसली थट्टा?"

"माणसंच ना सगळी?"

"हो, पण भात त्यांच्या शेतात पिकतो."

आणि खरंच, भात ओरत्तनाडूच्या गिरणीत जायला लागला. इथला बॉयलर थंड. अंगणात नुसत्या चिमण्या.

मग एक दिवस अलमेलु आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मालक, ग्लास परत टांगा."

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"मला विचारलं होतंत? माझंच नाव का घेतलंत त्यांच्यापुढे? आता भातलावणीलासुद्धा मला कुणी बोलवत नाही. गिरणी चालली तर इथे तरी काम मिळेल."

इतकी वर्षं रावांनी समतेची भाषणं केली, आणि हिला एकदा विचारावं हे सुचलंच नाही?

त्यांनी स्वतःच्या हातांनी खिळा ठोकला, ग्लास टांगला. मग मिरासदारांचा निरोप आला. भात पाठवतो, पण ती बाई अंगणात दिसता कामा नये.

राव तीन दिवस नाही म्हणत राहिले. चौथ्या दिवशी हमालच दारात येऊन बसले, त्यांचीही पोरं उपाशी होती. राव हो म्हणाले.

गाड्या आल्या. बॉयलर पेटला. मिरासदारांची अट अलमेलुच्याही कानावर गेली होती. ती फाटकापर्यंत आली, आतला धूर बघितला, आणि वळली. राव खिडकीत होते. हाक मारायची होती त्यांना, पण आता तिचं नाव घ्यायचीच भीती वाटली.