विमलचा ‘लेट’

सकाळी चहा टाकलाच होता, तेवढ्यात अश्विनीचा फोन आला. “नसरीनमावशी, आई गेली...” विमल जालन्याच्या दवाखान्यात होती, दोन दिवसांत घरी आणायचं ठरलं होतं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हाच, की आता तो माणूस येईल. महिना उलटून गेला, तरी त्या विचाराची मला लाज वाटत नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत विमल इंग्रजी शिकवायची आणि मी हिंदी. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसता पत्रा होता, त्यामुळे तिचं निम्मं इंग्रजी माझ्याही कानावर पडायचं. एक शब्द ती दरवर्षी रंगवून शिकवायची... ‘लेट’. घंटा झाल्यावर आलेला पोरगा लेट. मागाहून पेरलेली कपाशी लेट. मंदिरात रात्र चढेपर्यंत चाललेलं कीर्तन लेट. आणि माणूस मेला, की त्याच्या नावाआधीही लेटच. एकदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, मंग मेलेला माणूस उशिरा येतो का?” अख्खा वर्ग हसला. विमल हसली नाही. म्हणाली, “न्हाई बाई, मेलेला येतच न्हाई. जिता असून जो येत न्हाई, त्याला काय म्हणायचं ते मी शोधून राह्यले.”

पोरांना त्यातलं काही कळलं नसेल. मला कळलं. अश्विनी रांगत होती तेव्हा विमलचा नवरा, मधुकरराव, कामासाठी पुण्याला गेला. दिवाळीला येतो म्हणून गेल्ता. तिथे त्याने दुसरा संसार मांडला, आणि हे त्याच्या भावांना पहिल्यापासून माहीत होतं. तरी सणावाराला ते विमलला सांगायचे, “वहिनी, थोडं लेट होईल, पण दादा येतील.” खरं कळलं त्या दिवशी तिने मंगळसूत्र काढून डब्यात टाकलं. मग गावातल्या चांगल्या माणसांनी सुरू केलं, सोडून द्या मॅडम, जाऊ द्या. यावर ती मला म्हणायची, “जाऊ देणं म्हणजे पण लेटच की गं. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. पण स्पेलिंग अलग आहे, एल ई टी. ते माझ्याच्यानं होत न्हाई, नसरीन.” मी तिला कधी समजावायला गेले नाही. इतकी वर्षं राग जपायला माणसात दम लागतो. तो तिच्यात होता.

अश्विनीचं लग्न हैदराबादला ठरलं. पाहुण्यांसाठी पत्रिकेची एक बाजू इंग्रजीत छापायची होती. मराठी बाजूला विमलने फक्त स्वतःचं नाव घातलं. इंग्रजी बाजूला मुलीच्या बापाचं नाव आलं, आणि त्याच्या आधी लेट. पत्रिका वाटून झाल्या नाहीत तोच धाकटा दीर तणतणत दारात आला. मी तिथेच अक्षता निवडत बसले होते.

“वहिनी, जित्या माणसाला मारलं तुम्ही!”

“मेले असं कुठं लिहिलंय?” विमल शांतपणे म्हणाली. “लेट लिहिलंय. दिवाळीला येतो म्हणून गेल्ते, अजून आले न्हाईत. तुम्हीच सांगत होते ना भाऊजी, लेट होईल म्हणून? तुमचाच शब्द छापला मी.”

दिराने पत्रिका उलटसुलट करून पाहिली, खिशात कोंबली आणि चालता झाला. तो गेल्यावर विमल इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला. लग्नाला मधुकरराव आला नाही. हैदराबादच्या पाहुण्यांनी त्याच्याबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि विमलने ती मान खाली घालून, अगदी रीतसर स्वीकारली.

दहाव्याला मात्र तो आला. विधी आटोपून लोक परतत होते तेव्हा. दिरांनी घरासमोर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर विमलच्या स्वतःच्या लग्नातला जुना फोटो आणि खाली ‘कै. सौ. विमलताई’. त्याने सोबत हिरवं लुगडं आणलं होतं. सवाष्ण गेली, भाग्याची होती, असं बायका बोलू लागल्या. तीसेक वर्षं जिने एकटीने काढली, तिला मेल्यावर पुन्हा त्याच्या नावाला बांधत होते! मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, खुर्ची ओढली, वर चढले आणि ‘सौ.’ कापायला घेतलं. खुर्ची डुगडुगत होती. अश्विनीने पुढे येऊन ती धरली.

“हे काय करून राह्यले मॅडम?” मधुकररावाने विचारलं. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“स्पेलिंग बराबर करून राह्यले,” मी म्हणाले.

कोणी मला उतरवायला आलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला, लुगडं घेऊन.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. “मॅडम, तिचा अलीकडचा एखादा फोटो द्या. म्हातारपणी कशी दिसत होती, मला ठावं न्हाई.” तसा फोटो माझ्याकडे आहे. शाळेच्या ओसरीवर आमच्या निरोप समारंभाला काढलेला. निऱ्यांवर खडूची पूड, तोंड उघडं टाकून हसतेय, समोरचा एक दात पडलेला. लिहायच्या टेबलावर तो माझ्याकडे तोंड करून ठेवलाय.

देईन म्हणाले मी त्याला. रोज सकाळी फोटोवरची धूळ पुसते, आणि परत तिथेच ठेवते.