बांधावरचे दोन दगड

खुनाचा तपास करायला निघालो आणि खून झालाच नव्हता, अशी केस माझ्या नोकरीत एकदाच आली. ती आठवली की आजही स्वतःचीच थोडी लाज वाटते, म्हणून लिहून टाकतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं मात्र सांगणार नाही.

तेव्हा माझी नेमणूक मुळशी तालुक्यात होती. भातं काढून झाली होती. सकाळची हजेरी घेऊन मी ठाण्यात स्टेशन डायरी चाळत होतो, एवढ्यात रिहे खोऱ्यातल्या एका गावातून फोन आला. बोलणारा नाव सांगेना.

"सायेब, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या खोलीत भाडेकरू ऱ्हात्यात. नवराबायको, फरशीचं काम करत्यात. बाई पोटुशी हुती. आता चार दिस झालं, खोलीला कुलूप हाय. आन् त्याच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा बांधावर खड्डा खणत हुता. कायतरी पुरलंय बगा."

असे फोन निम्मे तरी भावकीच्या भांडणातून येतात. तरी गेलो. खोलीला कुलूप होतं आणि बांधावर ताजी माती होती. म्हातारा सत्तरीचा, डोक्याला टोपी, आम्हाला बघून जागचा हलला नाही. म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय ठावं न्हाई." मी ते तिथंच सोडून दिलं. बायकांना एकदा विचारून गप्प बसायचं, ही आम्हा पुरुष अधिकाऱ्यांची जुनी खोड.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती ठाण्यात द्यायची असते, तीही त्यानं दिली नव्हती. आधी त्यावरूनच मी त्याला झापला.

"कोण होते ते? कुठले?"

"लांबचं हुतं. मुसलमान. भली मानसं."

"गेली कुठं?"

"गावाला. मोबाइल लागत न्हाई त्यांचा."

"खड्ड्यात काय आहे?"

चहा दिला, तो प्याला. हवालदाराचं दरडावून झालं, माझं गोडीनं विचारून झालं. खोटं बोलणारा माणूस भरभरून बोलतो, हा माझा अनुभव. हा तर खोटंही बोलत नव्हता. मानेनं नाही म्हणायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा. शेवटी मी म्हणालो, "बाबा, नको सांगू. तहसीलदारसाहेबांचा हुकूम घेतो आणि उद्या माती उकरतो."

तेव्हा तो पहिल्यांदा उठला. दोन्ही हात जोडले. "सायेब, मला आत टाका. फाशी द्या. पर ती माती उकरू नका."

आता सांगा, एवढं ऐकल्यावर कुठला पोलीस गप्प बसेल? मला वाटलं, धागा सापडला. पौडच्या तहसील कचेरीत जाऊन अर्ज दिला, हुकूम घेतला. पुरलेलं प्रेत काढायचं तर दंडाधिकारी म्हणून तहसीलदार समोर लागतात, डॉक्टर लागतो, पंच लागतात. सगळी जमवाजमव करून दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही बांधावर हजर झालो. म्हाताऱ्याला गाडीतून बरोबर आणलं होतं. पंच म्हणून शेजारचा शेतकरी उभा राहिला. आवाज ऐकला आणि ओळखलं, फोन यानंच केला होता. गावातली वीस-पंचवीस माणसंही लांब उभी होती.

कुदळ मारण्याआधी जागेचा पंचनामा करायचा असतो. मी लांबी-रुंदी सांगत होतो, हवालदार लिहीत होता. खड्डा जेमतेम दोन हात लांबीचा. त्याच्या उशाशी एक धुतलेला दगड होता, आणि हातभर अंतरावर दुसरा दगड, जुना, निम्मा मातीत रुतलेला. त्या जुन्या दगडावर हळदकुंकवाची पुटं चढली होती. वरचं बोट तर त्याच सकाळचं, ओलं. नव्या दगडावर मात्र काही नव्हतं. नुसतं पाणी शिंपडलेलं.

कुणीतरी सकाळी इथं येऊन गेलं होतं आणि एका दगडाला कुंकू लावून दुसऱ्याला लावलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं. म्हातारी बांधाच्या कडेला बसली होती, हातात तांब्या.

"आजी, या दगडाला हळदकुंकू आहे. याला का नाही?"

ती सहज बोलून गेली, "त्यांच्यात चालत न्हाई ना, सायेब."

कुदळवाले थांबले. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "सांग आता," तो बायकोला म्हणाला. "व्हायचं ते झालं."

मग म्हातारीनं सांगितलं. बाई पुण्याला दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. तिसऱ्या दिवशी गेली. आजूबाजूला कबरस्तान नाही, शहरात कुणी ओळखीचं नाही. कुणाला विचारावं ते तिच्या पोरसवदा नवऱ्याला कळेना. बाळ पदराखाली घेऊन दोघं रिक्षातून परत आली आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

"आमची पयली पोरगीबी हितंच हाय," म्हातारी जुन्या दगडाकडं बघत म्हणाली. "सवा म्हयन्याची हुती. येवढ्याशा लेकराला आपल्यातबी जाळत न्हाईत, पुरत्यात. मी ह्यास्नी म्हनलं, तिच्याशेजारी जागा हाय की."

आहेरात आलेलं कोरं धोतर तिनं पेटीतून काढून दिलं. बापानं लेकीला आंघोळ घातली, त्यांच्या पद्धतीनं नमाज पढला. म्हाताऱ्यानं खणायच्या आधी एवढंच विचारलं होतं, "तोंड कुनीकडं करायचं?" बापानं मावळतीकडं हात केला, आणि म्हाताऱ्यानं खड्डा तसा बेतानं आडवा घेतला.

"दुसऱ्या दिशी मी कुंकू लावाया गेले," म्हातारी म्हणाली, "तर तिची आई म्हनली, आमच्यात लावत न्हाईत. मग हात मागं घेतला. लेकरू त्यांचं हाय. रीत त्यांची. मी आपलं पानी घालते."

नंतर तो पोरगा बायकोला तिच्या माहेरी सोडायला गेला. जाताना म्हाताऱ्याचा हात धरून म्हणाला होता, मी येईपर्यंत कुणाला सांगू नका, लोक काढायला लावतील.

"आन् म्या शबूद दिला," म्हातारा म्हणाला. "ठिवलेलं लेकरू काडायचं व्हय, सायेब?"

दवाखान्याचा कागद म्हातारीनं तांदळाच्या डब्यातून आणून दिला. मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. नाव जुळलं, तारीख जुळली, मृत्यूचं कारण जुळलं. तहसीलदारसाहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि कुदळवाल्यांना घरी जायला सांगितलं.

शेजारी पुढं झाला. "काकी, मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं आसतं तर तू काय केलं आसतंस?"

मी जमलेल्या लोकांना विचारलं, कुणाची काही हरकत आहे का, असली तर आत्ताच सांगा. एक एक जण चपला काढून पुढं आला, मातीला हात लावून गेला. त्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट त्या बांधावरून होती. पुढच्या हंगामात त्यानं ती आपल्याच शेतातून वळवली, हे मला हवालदारानं सांगितलं.

चार दिवसांनी तो पोरगा परत आला. रीतसर जबाब घेतला. अहवालात मी एक ओळ लिहिली, संशयास्पद काही आढळून आले नाही. बाकीचं लिहायला त्या फॉर्मात रकाना नव्हता.

निवृत्त झाल्यावर एकदा कासार आंबोलीला लग्नाला गेलो होतो. येताना गाडी मुद्दाम त्या गावाकडं वळवली. आजूबाजूला बंगले उठले होते, पण तो बांध तसाच होता. म्हातारा ओसरीवर होता, थकलेला. म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणाला. मी एकटाच बांधावर गेलो.

नोकरीत शांतता समितीच्या बैठका मी कितीतरी घेतल्या. एकमेकांच्या धर्माचा मान ठेवा, असं भाषण ठोकून चहा पिऊन यायचो. त्या म्हातारीला असलं काही बोलता आलं नसतं. तिला लावावंसं वाटत होतं आणि तिनं हात मागं घेतला, एवढंच. पण दुसऱ्याचा मान म्हणजे काय, हे मी तिच्याकडून शिकलो, आणि तेही कुदळ घेऊन गेल्यावर.

बांधावर एक बाई पाठमोरी बसली होती, डोक्यावरून ओढणी. त्या मुलीची आई. नवराबायको अजून त्याच खोलीत राहतात, हे म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. नव्या दगडावर तिनं पाणी शिंपडलेलं होतं. मग तिनं पिशवीतून म्हातारीचा कुंकवाचा करंडा काढला, आणि जुन्या दगडाला आधी हळदीचं, मग कुंकवाचं बोट लावलं. हलक्या हातानं, न चुकता.

मी बघतोय हे लक्षात आल्यावर ती ओढणी सारखी करत उठली. मी काही विचारलं नव्हतं. तरी तीच म्हणाली, तिथल्याच मराठीत.

"आजी न्हाई ना आता. त्यांच्यात लावत्यात, सायेब."