लाल खडूचे तुकडे

शाळेत मी लांबलचक इंग्रजी शब्द फळ्यावर दोनदा तोडतो. पांढऱ्या खडूने उच्चाराचे तुकडे, म्हणजे वाचता येतं. मग लाल खडूने अर्थाचे, म्हणजे कळतं. बायकोला मी फक्त पांढरे तुकडे शिकवले. हे परवापर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी हिने नगरला नर्सिंगला नाव घातलं. पुस्तकं सगळी इंग्रजीत, हिची बारावी मराठीतून. रविवारी कर्जतला घरी आली की पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसायची. मी मांडीवर टिचक्या मारत म्हणायचो, "हाय-पो-ग्लाय-से-मि-या." तीही तशीच म्हणायची.

"अहो, म्हनता येतंय. पन ह्याचा अर्थ काय? आन् त्यो दुसरा, हायपरवाला?"

"दोन्ही साखरेचेच आजार. आधी नीट म्हणायला शीक."

खोटं नव्हतं ते. पण हायपो म्हणजे कमी आणि हायपर म्हणजे जास्त, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी तेव्हा नोकरीत कायम व्हायची वाट बघत होतो. ही माझ्याआधी कायम झाली, नगरलाच राहिली, तर? गाव मला 'सिस्टरचा नवरा' म्हणायला लागलं, तर? एवढ्यासाठी गप्प राहिलो.

तोंडी परीक्षेत मॅडमनी तिला विचारलं, पेशंटला दरदरून घाम सुटलाय, हायपोग्लायसेमिया आहे, काय देशील? तिने शब्द मॅडमपेक्षा स्वच्छ उच्चारला आणि उत्तर दिलं, इन्सुलिन.

मॅडम ओरडल्या, "साखर द्यायची तिथं इन्सुलिन? मारशील की गं पेशंटला!"

तिथंच ती खचली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. "माझं डोकंच न्हाई त्यातलं," म्हणत कोर्स सोडला. आता इथल्याच एका दवाखान्यात मावशी म्हणून लागलीय. फरशी पुसते, बेडपॅन उचलते. डोकं नसल्याचं ते वाक्य इतकी वर्षं मी मुकाट ऐकत आलो.

परवा मुलगी म्हणाली, बारावीनंतर नर्सिंग करते. ही घाईघाईने म्हणाली, "नगं गं. माझ्यावानी डोकं असलं तर?"

मला राहवेना. मुलीसमोरच सगळं सांगून टाकलं. अर्थ माहीत होता, मुद्दाम सांगितला नाही.

ही माझ्याकडे वळली.

"कमी आन् जास्त. एवढंच हुतं?"

"एवढंच."

"म्हंजी मी मठ्ठ न्हवते."

तिने मुलीला जवळ ओढलं.

"हिला तुमी काय बी शिकवायचं न्हाई."