प्लॉट सात, वापर: काही नाही

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या भाऊजींना सगळी कॉलनी ‘पडीक’ म्हणायची. पाठीमागे नव्हे, तोंडावर. “काय पडीक, निघालात का?” असं कुणी विचारलं की तेही हसून म्हणायचे, “निघालो बुवा. काही न करायलासुद्धा वेळेवर पोचावं लागतं.”

नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आळशी असणार. खरं तर ते सरकारी माती संशोधन प्रयोगशाळेत सहायक होते आणि तिथल्या मागच्या अंगणातले सात प्लॉट त्यांच्या देखरेखीखाली होते. पहिल्या सहांत दरवर्षी नांगरणी, पेरणी, निरनिराळी खतं. सातव्यात काहीच नाही. तीस वर्षं काहीच करायचं नाही, हाच तो प्रयोग. माणसानं हात काढून घेतला तर माती स्वतःला कशी सावरते ते बघायचं, आणि बाकीच्या सहांचे आकडे तिच्याशी ताडून बघायचे. प्रयोगशाळेत या सातव्याला पडीक म्हणत. भाऊजी नोकरीला लागले त्याच वर्षी तो सुरू झाला होता. अठ्ठावीस वर्षं झाली होती, दोन उरली होती. “आम्ही दोघं एकदमच सुटणार,” ते म्हणायचे.

काही न करणं ही केवढी मेहनत असते, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. वर्षातून दोनदा लोखंडी नळीनं मातीचा नमुना घ्यायचा, तोही या काठापासून त्या काठापर्यंत टाकलेल्या फळीवर पालथं पडून. मातीवर पाय पडता कामा नये. कॉलनीतल्या पोरांचा चेंडू आत गेला की भाऊजी जाळी बांधलेली काठी आणून मासा धरावा तसा तो अलगद उचलायचे. काठी पुरली नाही तर चेंडू तिथंच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरांना नवा मिळायचा. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणते. त्या वैतागून म्हणायच्या, “यांनी सवत आणली असती तरी परवडलं असतं गं. तिच्याशी निदान भांडता आलं असतं.”

प्रयोगशाळेतला माती वाळवायचा ओव्हन बंद पडून वर्ष होत आलं होतं. अर्जावर दर वेळी एकच शेरा यायचा: तरतूद नाही. कुंपणाच्या अर्जावर तर सहा वर्षं तोच. शेवटी हा प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारून भाऊजींनी मातीच्या डब्या घरी आणल्या आणि ताईंच्या केकच्या ओव्हनमध्ये लावल्या. जिनाभर वास सुटायचा. “ये गं, केक झालाय,” ताई दारातून मला हाक मारायच्या.

मग बातमी आली. प्रयोगशाळेला पन्नास वर्षं होणार होती आणि वरून फार मोठे पाहुणे येणार होते. झालं! ज्या कपाटात तरतूद नव्हती त्यातूनच एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. दर्शनी भिंतीला निळी काच लागली, मागची भिंत ओल धरून तशीच. धडधाकट फरशी उखडून ग्रॅनाइट बसवलं आणि त्यावरून पहिल्याच आठवड्यात दोन शास्त्रज्ञ घसरले. स्वागतकक्षात भिंतभर टीव्ही आला, त्यावर दिवसभर त्याच इमारतीचे फोटो फिरायचे. स्वच्छतागृहं इतकी सुंदर झाली की पाहुणे येईपर्यंत त्यांना कुलूप घातलं. डॉक्टरबाईंनी धीर करून संचालकांना म्हटलं, “साहेब, त्या टीव्हीऐवजी एखादा ओव्हन आला असता.” साहेब म्हणाले, “बाई, पाहुणे काय ओव्हनमध्ये डोकावणार आहेत?”

त्याच सुमारास सुशोभीकरण समितीचा एक फॉर्म भाऊजींकडे आला. आवारातल्या जागांची माहिती भरायची होती. संध्याकाळी चहाला आले होते, तेव्हा आमच्याच टेबलावर बसून त्यांनी तो भरला. मी स्वतः वाचला. जागा: प्लॉट सात. प्रकार: पडीक. सध्याचा वापर: काही नाही. अठ्ठावीस वर्षं प्रयोगाच्या वहीत ते असंच लिहीत आले होते.

“अक्षर किती छान हो तुमचं,” मी म्हटलं. दुसरं काही मला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. दोघं पाच दिवस तिच्याकडे गेले. डॉक्टरबाईही नेमक्या बैठकीसाठी परगावी होत्या. सोमवारी भाऊजी नातीचे फोटो दाखवत, गुणगुणत कामावर गेले आणि अर्ध्या तासात परत आले. घरात गेले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले.

“काय हो, काय झालं?” ताई धावत आल्या. “बोला ना!”

“ती गेली,” ते म्हणाले.

ताईंच्या हातातलं फडकं गळालं. त्यांना वाटलं, नात. “नाही गं, ती ठीक आहे,” भाऊजी म्हणाले, आणि उठून उलट पावली प्रयोगशाळेकडे निघाले.

आम्ही दोघी मागोमाग गेलो. सात नंबरवर हिरवीगार लॉन अंथरली होती, चटईसारखी, शिवण दिसत होती. खाली बाहेरून आणलेली लाल माती. मधोमध कारंजं, त्याच्या पाइपांसाठी कंबरभर खणलेलं. बाकीच्या सहांना कुणी हात लावला नव्हता. तिथं वापर होता ना! भाऊजी नकळत पुढे झाले, तसा कंत्राटदाराचा माणूस ओरडला, “ओ काका! गवतावर पाय नको, अजून धरलं नाहीये!”

भाऊजी चटकन मागे सरले.

संचालकांनी त्यांना बोलावून फॉर्म पुढे सरकवला. तिथं काय झालं ते नंतर डॉक्टरबाईंच्या मदतनीस मुलीनं सांगितलं.

“हे अक्षर तुमचंच ना? पडीक. वापर काही नाही. समितीनं यातून आणखी काय समजायचं?”

“साहेब, पडीक राहणं हेच तिचं काम होतं.”

“मग तसं लिहायचं ना!”

“तसंच लिहिलंय, साहेब.”

डॉक्टरबाई परत आल्या. लॉनच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. “पुन्हा सुरू करता येईल का हो, बाई?” भाऊजींनी विचारलं. “येईल की,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं लागतील.” आणि तोंडाला रुमाल लावून आत निघून गेल्या.

पाहुणे आले. कारंज्याकडे पाठ करून त्यांनी फोटो काढून घेतला. कॉलनीतल्या आम्हा बायकांनाही गर्दी दिसावी म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे मी जवळच होते. पाहुण्यांनी सहज विचारलं, “इथं आधी काय होतं?”

“काही नाही, सर. पडीक जागा होती,” संचालक म्हणाले, आणि नवा गणवेश घालून उभ्या असलेल्या भाऊजींकडे वळले. “हो ना?”

“हो,” भाऊजी म्हणाले.

तो ‘हो’ ताईंना सहन झाला नाही. घरी आल्या त्या भांडी आपटतच. वर आठवड्याभरात हुकूम आला: जागेची माहिती असल्यामुळे लॉनची निगा भाऊजींनीच राखावी, पाणी रोज दोन वेळा.

“पाणी? तुम्ही? त्यावर?” ताई म्हणाल्या. “नोकरीचा राजीनामा द्या. उपाशी नाही मरणार आपण.”

मी वाटी घेऊन विरजण मागायला गेले होते, ती तशीच दारात उभी राहिले. भाऊजी बुटांच्या नाड्या बांधत होते.

“दिला असता गं,” ते म्हणाले. “पण लॉन सुकली तर तिथं फरशी घालायचं ठरलंय. ठराव झालाय. वरून गवत असलं तर खाली निदान हवा जाते, गांडुळं राहतात. फरशी घातली की संपलं. मी सुटल्यावर कुणीतरी येईल, एखादा वेडा, हे सगळं काढील आणि पहिल्यापासून सुरू करील. त्याला खाली जिवंत काही मिळायला हवं ना?”

ताईंनी त्यांचा डबा भरून समोर ठेवला. भाऊजींनी तो उचलला आणि पाणी घालायला उशीर होतो म्हणून भराभर जिना उतरून गेले.