ओकेमामाचा शेरा

माझ्या मामाला अख्खा कारखाना ओकेमामा म्हणायचा आणि मामा ते नाव मानपत्रासारखं मिरवायचा. शिड्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. शिडी तयार झाली की आपलं नव्वद किलो वजन घेऊन वरून तिसऱ्या पायरीवर उभा राहायचा, साठ आकडे मोजायचा, कंबर इकडेतिकडे हलवून बघायचा, मग खाली उतरून खडूने त्यावर ओके लिहायचा. स्वतः चढल्याशिवाय शेरा नाही, हा त्याचा नियम. मालकाने घाई केली तर तो मालकालाच वर चढायला सांगायचा. त्याने शेरा दिलेली एकही शिडी कधी परत आली नाही.

त्या दोन अक्षरांवर मामाचा भारी जीव. ती कुठून आली याची त्याच्याकडे दर आठवड्याला नवी कथा असायची. कधी म्हणे एक बिस्किटवाला आपल्या नावाची आद्याक्षरं बिस्किटांवर उमटवायचा. कधी तारखात्यातल्या कारकुनांनी ती काढली. कधी लढाईवरून परतलेल्या तुकडीने ‘मेले शून्य’ असं इंग्रजीत थोडक्यात कळवताना लिहिली. मी वाचनालयात नोकरी करणारी, त्यामुळे मला राहवेना. एकदा पुस्तकं चाळून त्याला अभ्यासकांचं मत सांगितलं. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात, पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, ‘सगळं बरोबर’ अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं कुणीतरी मुद्दाम चुकवून छापली, निव्वळ थट्टा म्हणून. तेव्हा तिकडे अशा टवाळीची टूमच होती. पुढच्या वर्षी निवडणुकीतल्या एका उमेदवाराच्या टोपणनावाची आद्याक्षरं नेमकी तीच निघाली आणि टवाळी घरोघर पोचली.

मामाचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाला, जन्म कुठे का झालेला असेना, माझ्या हाताखाली आल्यावर तो शब्द सुधारला.

बाकी जगाने मात्र त्याचा पार चोथा केला होता. ओके म्हणजे हो, ओके म्हणजे ऐकलं पण करणार नाही, ओके म्हणजे आता फोन ठेव. मामाला याचा भयंकर राग यायचा, म्हणून घरात त्याने तो शब्द कधी काढलाच नाही. मामीने जीव ओतून स्वयंपाक केला तरी ‘बरा झालाय’. मुलगी वर्गात पहिली आली तरी ‘ठीक’. फुकट वाटायचा शब्द नाही तो, असं वर ऐकवायचा. मला त्याचं हे वागणं कंजूषपणाचं वाटायचं आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

अशात ताईने, म्हणजे मामाच्या एकुलत्या एका मुलीने, घरं रंगवणाऱ्या एका तरुणाशी लग्न ठरवलं. मुलगा सरळ होता. दोष एवढाच की तो दुसऱ्या कारखान्याची शिडी वापरायचा. त्याची आई घरीच शिवणकाम करायची. बोलणी झाली, सगळे हसले, आणि ताईने न राहवून विचारलं, “बाबा, ओके ना?”

मामा म्हणाला, “तपासून सांगतो.”

आम्हाला वाटलं, चार ठिकाणी चौकशी करेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ पिशवीत कपडे भरून थेट त्या मायलेकांकडे राहायला गेला. वजन टाकल्याशिवाय कळत नाही, असं जाताना मामीला सांगून गेला. ताईने कपाळावर हात मारला. त्या शिवणकाम करणाऱ्या बाई दुखावल्या तर लग्न मोडणार, या धास्तीने तिला घास जाईना.

आणि मामा तिकडे वजन टाकत होता. चहा पांचट आहे म्हणून परत पाठवला. दुपारी मशीनचा आवाज सहन होत नाही म्हणून कामं बंद ठेवायला लावली. पहाटे पाचला मुलाला उठवून कपाटाची करकर काढून घेतली. कापून ठेवलेल्या झग्यावर बसून पेपर वाचला. दोघांनी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी बाईंनी त्याची पिशवी स्वतः भरून दारात ठेवली.

“तुमचं झालं असेल तर आता माझी पाळी,” त्या म्हणाल्या. “उद्या मी तुमच्याकडे येते.”

त्या आल्या. मामाने नवी चादर घातली, स्वतःच्या तपासणीच्या भीतीने दाढीसुद्धा दोनदा केली. पण बाईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात मामीजवळ जाऊन बसल्या आणि विचारलं, “तुम्ही इथे आलात तेव्हा आधी कुणी तपासलं होतं?”

मामीने भाजी निवडणं थांबवलं नाही. “कुणी नाही. माझे वडील ‘चालेल’ म्हणाले. मग यांच्या आईचं दुखणं, यांचे रुसवे, यांच्या पाहुण्यांचे मुक्काम, सगळं मीच चालवलं. बरा झालाय, यापलीकडे कधी ऐकलं नाही.”

बाहेरच्या खोलीत पेपर उलटायचा आवाज थांबला. मामा आत आला. चेहरा पडलेला होता. ताईला म्हणाला, “तुझं ओके. कर लग्न.” ताई रडायला लागली, मलाही हुंदका आला. बाई नुसत्या मान हलवून भाजी निवडू लागल्या.

मामीने वर पाहिलं. “आणि माझं?”

 मामा खालच्या आवाजात म्हणाला, “तुझ्यावरून मी कधी खाली उतरलोच नाही गं. मग लिहिणार कधी?”

“मग उतरा आता,” मामी म्हणाली. “साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे. आम्हा चौघींना चहा करा.”