दारापर्यंतचे मोरूपआजोबा

आमच्या गावाच्या डोक्यावर जी गोंपा, म्हणजे लामांचा मठ आहे, तिथे लोकांना घेऊन जायचं काम मोरूपआजोबांनी त्रेचाळीस वर्षं केलं. नदीपासून दोन तासांची चढण. पुढे आजोबा, मागे त्यांची दोन गाढवं, गाढवांवर पाहुण्यांचं सामान आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकणारे पाहुणे. दाराशी पोचलं की आजोबा सामान उतरवायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि लोकर कातायचे. आत कधी पाऊल टाकायचे नाहीत.

वाटेत एखादा विचारायचा, "आत काय आहे बघण्यासारखं?"

"मूर्ती."

"कशा आहेत?"

"बसलेल्या."

तसं त्यांनी ऐकलं होतं.

कारण गावाला ठाऊक होतं. आजोबा तान्हे असताना मोठ्या दुखण्यातून वाचले, तेव्हा आईनं नवस बोलला होता की पोराला गोंपेत देईन. बाराव्या वर्षी दिवस ठरला, लाल झगा शिवला, नातेवाईक जमले. त्या सकाळी मोरूप गायब. तीन दिवस वरच्या कुरणातल्या मेंढपाळाच्या खोपटात लपून राहिला. नवस तर फेडायलाच हवा होता आणि झगाही शिवून तयार होता, म्हणून नऊ वर्षांच्या धाकट्या भावाला, ईशेला त्यात घातलं. झगा वीतभर लांब होता. मोरूप परत आला तेव्हा बाप एवढंच म्हणाला, "विळा घे. जव कापायचाय."

पुढे घर, शेत, बायको यांगदोल आणि चार मुली मोरूपआजोबांच्या वाट्याला आल्या. ईशेच्या वाट्याला गोंपा आली आणि म्हातारपणी वरच्या जुन्या देवळाची किल्ली. भावाच्या ताटातलं आपण जेवतोय, हे आजोबांच्या मनातून कधी गेलं नाही. दर हंगामात सुकवलेल्या जर्दाळूंची पहिली पिशवी ते गोंपेच्या दाराशी ठेवून यायचे. भावाभावांत बोलणं म्हणाल तर, "जव कसा झाला?" "झाला." संपलं.

गेल्या उन्हाळ्यात पाटण्याहून एक बाई जुन्या देवळातली भिंतीवरची चित्रं बघायला आल्या. मी गावच्या शाळेत मास्तर, मला हिंदी येते, म्हणून मीही बरोबर गेलो. वर पोचलो तर बाकीचे लामा खालच्या गावात एका मयताच्या घरी पाठाला गेलेले. ईशे लामा एकटेच दाराजवळच्या खोलीत, गुडघे सुजवून बसलेले. देऊळ त्यापुढे त्रेपन्न पायऱ्या वर. आणि राखणदाराच्या हातातून किल्ली दुसऱ्याच्या हातात जात नाही, असा तिथला नेम.

बाई तीन दिवसांचा प्रवास करून आल्या होत्या. ईशे लामांनी गाढवांकडे पाहिलं.

"ती पायऱ्या चढत नाहीत," आजोबा दारातून म्हणाले.

"मग कोण चढतं?"

मी पुढे झालो, पण आजोबांनी मला हातानं बाजूला केलं. उंबरा ओलांडला आणि भावापुढे उकिडवे बसले.

"दादा, हळू. मी पोतं नाही."

"पोतं बोलत नाही."

तिसाव्या पायरीवर आजोबा दम खायला थांबले. भाऊ पाठीवर होता, तोंड दिसत नव्हतं. तेवढ्यानं धीर आला असावा.

"ईशे, माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं रे."

"कसलं वाटोळं?"

"मी पळालो. तुला धरून घातलं."

ईशे लामांनी पाठीवरूनच मान पुढे काढली. मग म्हणाले, "दादा, गोंपेत नव्या पोराचा पुढचा दात उपटून देवाला वाहतात, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"तूच."

"उपटतात का?"

आजोबांनी त्रेचाळीस वर्षांत पाहिलेले सगळे लामा आठवून पाहिले. "नसावेत."

"मला जायचं होतं. आणि नवस तुझा! झगा बघून मला झोप लागेना. नऊ वर्षांचा होतो, तेवढंच सुचलं."

"म्हणजे साठ वर्षं मी..."

"मला वाटायचं, तुला ते कळलंय. म्हणून रागानं आत येत नाहीस. आणि दर वर्षी जर्दाळू ठेवून टोमणा मारतोस, दात आहेत ना, खा म्हणून."

बाईंनी मला विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, दातांविषयी बोलताहेत.

भावाला तिथेच ठेवून द्यावं, असं आजोबांच्या मनात आलंच. ते नंतर त्यांनीच मला सांगितलं. पण ठेवला असता तर पुन्हा उचलावा लागला असता. ते उरलेल्या तेवीस पायऱ्या एका दमात चढले.

कुलूप उघडलं. आत तुपाच्या दिव्यांचा वास आणि काळोख. आजोबांनी तीन वेळा लोटांगण घातलं. तिसऱ्या वेळी बराच वेळ उठले नाहीत. बाई घाबरल्या. मी खुणेनं म्हटलं, असू द्या. उठले तेव्हा त्यांनी टोपीनं तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

"ईशे, छप्पर गळतंय. भिंतीवर ओल उतरलीय. तुला दिसलं नाही?"

"मी पोथीत बघतो. वर कशाला बघू?"

"गाढवा, ती चित्रं धुऊन चाललीत!"

थोरल्या लामांची परवानगी घेऊन पंधरा दिवसांत आजोबांनी छपरावर नवी माती चढवली. दाबून, चोपून, गावात घरांवर करतात तशी. माती गाढवांनी दारापर्यंत आणली, पुढे आजोबांनी स्वतः वाहिली. ईशे लामा खाली खुर्चीवर बसून चुका काढत होते.

थंडीत गुडघ्यांसाठी लामा भावाच्या घरी शेकोटीपाशी राहायला आले. सकाळच्या लोणी-मिठाच्या चहात मीठ किती, इथून दोघांचं भांडण सुरू होतं. यांगदोलआजी मला म्हणाली, "मास्तर, हे बोलत नव्हते तेच बरं होतं." आणि तिनं दोघांपुढे सातूचे वाडगे आदळले.