बिनबॅटरीची झोप

सिस्टरने बावीस वर्षं रात्रपाळी केली, आणि त्या बावीस वर्षांत तिला दिवसा गाढ झोप लागली ती एकदाच, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला भूल दिली तेव्हा. घरातही तिला सगळे सिस्टरच म्हणत, अगदी सासूबाईसुद्धा. सकाळी आठला ती दवाखान्यातून येऊन आडवी होई आणि नेमकं तेव्हाच घर कंबर कसून कामाला लागे. कुकरच्या शिट्ट्या, शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याचं मशीन, दाराची बेल आणि कमी ऐकू येणाऱ्या सासूबाईंचा टीव्ही, जो शेजाऱ्यांनाही फुकट ऐकायला मिळे. त्यातून जाऊबाई तासातासाला दार उघडून, झोपमोड तर होत नाही ना, हे विचारून जात. माणसं वाईट असली तर भांडता तरी येतं. या प्रेमळ मंडळींचं करायचं काय?

दिराने मागे हौसेने एक जुनी कॅम्पर गाडी घेतली होती. आत झोपायला दोन बाकं, चिमुकला ओटा, पडदेबिडदे. पहिल्याच सहलीत इंजिनाने मान टाकली आणि तेव्हापासून गाडी मागच्या गल्लीपलीकडच्या मोकळ्या जागेत झाडाखाली उभी होती. सिस्टरने ती झोपायला मागितली. पण आत पंखा हवा, आणि गल्ली ओलांडून घरची वायर नेता येईना. मग सोलर लावायचं ठरलं.

दीर मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करायचा. त्याच्या अंगात लगेच शास्त्रज्ञ संचारला. त्याने मोठा कागद पसरून त्यावर चार पॅनेल, दोन दणकट बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि सहा सॉकेट काढले. कागदाभोवती सगळं घर जमलं. नवऱ्याला तिथे आपलं मशीन दिसू लागलं, जाऊबाईंना मिक्सर, पोरांना टीव्ही. सिस्टर कागदावरचे सॉकेट मोजत बसली. सहा सॉकेट म्हणजे सहा माणसं. ज्या घरापासून पळायचं, तेच घर बिऱ्हाडासकट चाकांवर चढायला निघालं होतं!

त्या रात्री वॉर्डात सलाईन बदलता बदलता ती विचार करत राहिली, आणि पहाटे तिला एकटीलाच हसू फुटलं. घरी आल्या आल्या तिने दिराला गाठलं.

"भावजी, बॅटरी कशाला हवी?"

"रात्री वीज कुठून येणार वहिनी?"

"रात्री मी असते कुठे इथे? सूर्य कामावर जातो तेव्हा मी झोपते, तो घरी गेला की मी कामावर. आमच्या पाळ्या जुळतात. एक पॅनेल, एक पंखा. सॉकेट एकही नको."

दिराचं तोंड एवढंसं झालं. बॅटरीशिवाय सोलर म्हणजे विद्येचा अपमान, असं तो दोन दिवस म्हणत होता. पण सिस्टर बधली नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं कामाला लागली. पॅनेल गाडीच्या टपावर ठेवावं तर वर झाडाची सावली, आणि गाडी उन्हात न्यावी तर आत माणूस शिजायचा. तेव्हा सिस्टरनेच तोडगा काढला: गाडी सावलीत राहील, पॅनेल वीस पावलांवर उन्हात, लोखंडी घोडीवर. मधली वायर तिने जमिनीत पुरली आणि जोडांवर चिकटपट्टी अशी गुंडाळली की दिरानेही मान डोलावली. व्होल्टेज सांभाळणारी डबी त्याने बसवली, आणि बारा व्होल्टचा छोटा पंखा गरकन फिरला. सिस्टरने पळत जाऊन पॅनेलवर चादर टाकली, पंखा थांबला. काढली, फिरला. टाकली, थांबला. दीर-भावजय हसून हसून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाकावर पडली. थोड्या वेळाने जाऊबाई चार्जर घेऊन आल्या, भिंती चाचपल्या आणि परत गेल्या. मग पोरं आली आणि गेली. नवरा हातात वायर घेऊन आला, पंख्याकडे बघत उभा राहिला, निघून गेला. सिस्टर चादरीआड खुदखुदत होती. आता जगात कुणाला तिच्याकडून काही नको होतं!

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. दारात सासूबाई, काखेत उशी.

"आई, इथे टीव्ही नाही चालत," सिस्टर मोठ्याने म्हणाली.

"ते मेलं कोण बघतंय," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे दिवसभर दणदण चाललेली असते. कानाला नाही, पण अंगाला कळते. रात्रीची झोप तर गेलीच आहे माझी. दिवसाची तरी मिळेल म्हटलं."

बावीस वर्षं दोघी एकाच घरात जाग्याच होत्या, आणि एकीलाही दुसरीचा पत्ता नव्हता. सिस्टरला राग यायला हवा होता, आला मात्र हसू. सासूबाईंनी समोरच्या बाकावर उशी टाकली आणि पाठ टेकताक्षणी घोरायला लागल्या. सिस्टरने उठून दाराला कडी घातली, पंखा जरासा त्यांच्याकडे वळवला आणि डोळे मिटले.